कामगार-पुढाऱ्यांच्या हत्या आणि इतिहासाचीं साधनें
(कै. गोविंद पानसरे व कै. डॉ. दत्ता सामंत यांच्याविषयींच्या लेखनाची चिकित्सा)

१

अहमदनगर जिल्ह्यांत (इ. स. २०२४ पासून या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे) प्रवरेच्या कांठीं कोल्हार म्हणून गांव आहे. भगवतीचें देवस्थान व नगर-मनमाड रस्ता यांमुळें तें बहुतेकांस ठाऊक असतें. या गांवीं नोव्हेंबर १९३३ मध्यें गोविंद पंढरीनाथ पानसरे यांचा जन्म झाला. पुढें कोल्हापुरांत ता. १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं सकाळीं फिरून परत येत असतां राहत्या घराजवळ त्यांच्यावर व त्यांच्या पत्नी उमाबाई यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, आणि ता. २० रोजीं मुंबईच्या रुग्णालयांत पानसरे यांचें देहावसान झालें. उमाबाई वांचल्या.

इतक्या अलीकडच्या गोष्टीची चर्चा इतिहास-संशोधनाच्या पृष्ठांत कां करावी, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, गोष्ट अलीकडची असली तरी तिच्याविषयींचे सिद्धान्त शेंदोनशें वर्षें मुरल्याप्रमाणें पक्के होऊं लागले आहेत. स्मरणिका, व्याख्यानें व वृत्तपत्रांतील वार्षिक लेख यांतून दोन विधानें पुन्हां पुन्हां आढळतात. पहिलें विधान असें कीं, पानसरे यांचा खून 'शिवाजी कोण होता?' या एका पुस्तिकेमुळें झाला. दुसरें असें कीं, ता. १६ जानेवारी १९९७ रोजीं पवई येथें झालेला डॉ. दत्ता सामंत यांचा खून हा मुंबईच्या टोळीयुद्धांतील एक प्रसंग होय. हीं दोन्ही विधानें साधनांच्या कसोटीवर कितपत उतरतात हें पाहणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें मत आरंभींच सांगून ठेवतों. दोन्ही विधानें अपुरीं आहेत. पहिल्यांत कल्पिलेल्या हेतूनें मनुष्याचें चरित्र झांकून टाकिलें आहे. दुसऱ्यांत हत्यारानें हेतूच झांकून टाकिला आहे. दोहोंचा परिणाम मात्र एकच होतो: कामगार-चळवळ ही इतिहासाच्या पटावरून नाहींशी होते.

२

प्रथम पानसरे यांच्या चरित्राची बाजू घेऊं. कोल्हारच्या परिसराचें आर्थिक स्वरूप विसाव्या शतकाच्या पहिल्या पादांत पालटलें. भंडारदरा येथें प्रवरेवर धरण झालें, कालवे निघाले, उंसाची लागवड वाढली, आणि बेलापूर कंपनीचा खासगी साखर-कारखाना हरेगांवीं उभा राहिला. १९५० च्या सुमारास जवळच लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर-कारखाना चालूं झाला. म्हणजे एका पिढीच्या अवधींत कोरडवाहू कुणबी, उंसाचा बागाईतदार, कारखान्याचा मजूर व भूमिहीन शेतमजूर असे चार वर्ग एकाच नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर आले. पानसरे हे यांतील अखेरच्या पायरीच्या घरांत वाढले. घरची स्थिति अत्यंत गरिबीची होती. राहुरीस कांहीं शिक्षण झाल्यावर ते कोल्हापुरास गेले. तेथें वृत्तपत्रें विकणें, नगरपालिकेंत शिपायाचें काम करणें व प्राथमिक शाळेंत शिकविणें असे व्यवसाय करीत त्यांनीं कायद्याचें शिक्षण पुरें केलें, आणि १९६४ पासून वकिली आरंभिली. १९५२ सालींच ते भारतीय कम्युनिस्ट पक्षांत आले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या व गोव्याच्या मुक्ततेच्या चळवळींत त्यांनीं भाग घेतला, आणि पुढें पक्षाच्या राज्य-सचिवाचें काम त्यांच्याकडे आलें.

या वकिलीचा मुख्य भाग कामगारांच्या दाव्यांचा होता. ज्यांस नेमणुकीचा कागद नाहीं, ज्यांची हजेरी मुकादमाच्या वहींत असते, त्यांच्या संघटना बांधणें हा त्यांचा पन्नास वर्षांचा उद्योग. अखेरच्या काळांत कोल्हापूर शहरांतील रस्त्यांवर बसविलेल्या टोलाविरुद्ध जें मोठें जन-आंदोलन झालें, त्याच्या पुढाऱ्यांपैकीं ते एक होते. तो टोल त्यांच्या मृत्यूनंतर, २०१५ च्या अखेरीस, रद्द झाला.

आतां २०१५ नंतरचें स्मरण-साहित्य पाहावें. त्यांत पानसरे हे 'विचारवंत', 'विवेकवादी', 'शिवाजी कोण होता?'चे कर्ते म्हणून येतात. हीं विशेषणें खोटीं नाहींत. परंतु संघटनेचा चिटणीस, औद्योगिक न्यायालयांत उभा राहणारा वकील, मोर्चाचा परवाना मागणारा कार्यकर्ता हा पुरुष त्यांत शोधूनहि सांपडत नाहीं. नरेंद्र दाभोलकर (पुणें, ता. २० ऑगस्ट २०१३), एम्. एम्. कलबुर्गी (धारवाड, ता. ३० ऑगस्ट २०१५) व गौरी लंकेश (बेंगळूर, ता. ५ सप्टेंबर २०१७) यांच्या हत्यांशीं पानसरे यांची हत्या एका ओळींत मांडिली जाते. तपास-यंत्रणांनींहि या प्रकरणांत परस्परसंबंध असल्याचें न्यायालयांपुढें मांडिलें आहे, म्हणून ती ओळ निराधार म्हणतां येत नाहीं. मात्र ओळ मांडितांना चौघांचें जें समान तेवढेंच ठेवावें व जें निराळें तें गाळावें, ही पद्धति इतिहासाची नव्हे. मारणाऱ्यानें ज्या दृष्टीनें माणूस पाहिला असेल त्याच दृष्टीनें चरित्रकारानेंहि तो पाहावा, असा याचा अर्थ होतो. आणि चरित्रकाराच्या हें ध्यानांतहि येत नाहीं.

३

पुस्तिकेमुळें खून झाला या विधानाची आतां परीक्षा करूं. त्यासाठीं पुस्तिकेचें स्वरूप आधीं निश्चित केलें पाहिजे. 'शिवाजी कोण होता?' हें मूळ १९८७ सालचें व्याख्यान. पुस्तिका-रूपानें तें १९८८ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या व अनेक भाषांत भाषांतरें झालीं. शिवाजी हा रयतेचा राजा होता, त्याचें राज्य एका धर्माचें दुसऱ्या धर्माविरुद्ध उभारलेलें राज्य नव्हतें, आणि त्याच्या सैन्यांत व कारभारांत सर्व जातिधर्मांचे लोक होते, हें त्याचें प्रतिपाद्य आहे.

संशोधकाच्या दृष्टीनें पुस्तिकेंत दोष आहेत, आणि ते झांकण्याचें कारण नाहीं. ती व्याख्यान असल्यामुळें साधनांची प्रतवारी तींत नाहीं. अस्सल पत्र व उत्तरकालीन बखर यांतील अंतर सामान्य वाचकास तींतून कळणार नाहीं. विसाव्या शतकांतील वर्ग-कल्पना सतराव्या शतकांतील वतनसंस्थेवर कांहीं ठिकाणीं सरळ लादली गेली आहे. देशमुख-देशपांड्यांच्या वतनांविषयीं शिवाजीचें धोरण प्रदेशपरत्वें व प्रसंगपरत्वें बदलत होतें. तो तपशील पुस्तिकेच्या आटोपशीर मांडणींत मावत नाहीं. उलट पक्षीं तिचा गुणहि स्पष्ट आहे. किल्ले, लढाया व पराक्रम यांच्या पलीकडे जाऊन महसूल, रयत व लष्कराची शिस्त या विषयांकडे तिनें सामान्य वाचकाचें लक्ष वेधलें. राजवाड्यांपासूनच्या संशोधकांनीं जे कागद छापून ठेविले, त्यांतील हा भाग खेड्यांतील वाचकापर्यंत नेण्याचें काम संशोधकांनीं स्वतः फारसें केलें नव्हतें, हेंहि प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

अशा पुस्तिकेचें योग्य उत्तर म्हणजे तिच्यावरील टीकालेख. तो दहा पानांचा असो वा शंभर. ता. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावानें हल्ला केला, तोहि शिवाजीविषयींच्याच एका पुस्तकाच्या निमित्तानें. त्या हल्ल्याची दिशा व या हत्येची दिशा एक नव्हे, हल्लेखोरांचे पक्षहि एक नव्हेत. परंतु ग्रंथाच्या वादांत ग्रंथाबाहेरचें साधन वापरण्याची रीति दोन्हीकडे दिसते, आणि जुने कागद सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेस तिची धास्ती वाटणें स्वाभाविक आहे.

तथापि एवढ्यावरून पुस्तिका हेंच हत्येचें कारण असें म्हणतां येईल काय? कालानुक्रम पाहावा. पुस्तिका १९८८ ची, हत्या २०१५ ची. मध्यें सत्तावीस वर्षें गेलीं. या सर्व काळांत पुस्तिका खुलेपणानें विकली जात होती व कर्ता गांवोगांव व्याख्यानें देत होता. एकट्या पुस्तिकेनें १९९० ची किंवा २००० ची हत्या जशी घडली नाहीं, तशी २०१५ ची कां घडावी याचें उत्तर पुस्तिकेंत सांपडणार नाहीं. तें उत्तर कृति करणाऱ्यांच्या बाजूस, त्यांच्या संघटनेंत, शस्त्रांत व धैर्यांत, शोधावें लागेल. दाभोलकरांची हत्या होऊन दीड वर्ष लोटलें होतें आणि त्या प्रकरणीं तोंवर कोणीहि दोषी ठरला नव्हता, ही गोष्ट कालानुक्रमाच्या दृष्टीनें पुस्तिकेहून अधिक महत्त्वाची आहे.

याच्या उलट टोकाचा एक तर्कहि आरंभीं बोलला गेला. तो असा कीं, टोलविरोधी आंदोलनामुळें ज्यांचें आर्थिक नुकसान झालें त्यांचा यांत हात असावा. तपासांतून जे आरोप न्यायालयापुढें आले ते या दिशेचे नाहींत. जो तर्क आरोपपत्रांतहि आला नाहीं, त्यास कागदाचा आधार मिळेपर्यंत इतिहासांत स्थान देऊं नये. चळवळीच्या बाजूचा तर्क म्हणून त्यास सवलत मिळतां कामा नये.

४

येथें साधनांच्या जातीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण बहुतेक गोंधळ त्यांतूनच होतो. मराठेशाहीचा अभ्यासक कैफियत, महजर व बखर यांतील भेद जाणतो. वतनाच्या तंट्यांत वादी जी कैफियत लिहून देतो ती एका पक्षाची हकीकत असते. महजर हा गोतसभेनें साक्षी घेऊन केलेला निवाडा असतो. बखर ही नंतरच्या काळीं, बहुधा कोणाच्या तरी गौरवार्थ लिहिलेली असते. तिन्ही उपयुक्त आहेत. परंतु कैफियतीस महजर समजणारा अभ्यासक हास्यास्पद ठरतो.

आधुनिक खुनाच्या प्रकरणांत हाच भेद लागू पडतो. पोलिसांचें आरोपपत्र ही कैफियत होय: राज्यसंस्थेनें केलेली असली तरी ती एका पक्षाचीच. न्यायालयाचा निकाल हा महजर होय. स्मरणिका, श्रद्धांजली-लेख व चित्रपट हीं बखरीच्या वर्गांत जातात. घटनास्थळाचा पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल व गोळ्यांच्या परीक्षेचा अहवाल हे मात्र अस्सल व समकालीन कागद आहेत. समकालीन अस्सल कागद सर्वश्रेष्ठ, हा राजवाड्यांचा दंडक आम्हांस मान्य आहे. परंतु येथें त्याची एक मर्यादा दिसते. पंचनामा हात व हत्यार सांगतो. हेतु सांगत नाहीं. हेतु सांगणारा कागद असा खून करविणारा मनुष्य ठेवीतच नाहीं.

पानसरे यांच्या प्रकरणांत पहिली अटक सप्टेंबर २०१५ मध्यें झाली. तपास प्रथम विशेष पथकाकडे व २०२२ मध्यें दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. २०२३ च्या जानेवारींत कोल्हापूरच्या न्यायालयांत आरोप निश्चित झाले. आणि जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सहा आरोपींस दीर्घ काळच्या कारावासाच्या कारणावरून जामीन दिला. जामीन हा निकाल नव्हे, आणि आरोप हाहि निकाल नव्हे. दाभोलकरांच्या प्रकरणांत पुण्याच्या विशेष न्यायालयानें ता. १० मे २०२४ रोजीं निकाल दिला. गोळ्या झाडणारे म्हणून दोघांस जन्मठेप झाली. कटाच्या आरोपाखालीं उभे असलेले इतर तिघे निर्दोष सुटले. हात सिद्ध झाला, त्यामागचें डोकें सिद्ध झालें नाहीं. या प्रकारच्या हत्यांच्या महजरांत हें वारंवार आढळतें, आणि त्याचें दुसरें उदाहरण सामंतांच्या प्रकरणांत आहे.

५

डॉ. दत्ता सामंत हे मूळचे मालवण तालुक्यांतील देवबागचे. वैद्यकीचें शिक्षण घेऊन त्यांनीं घाटकोपर भागांत दवाखाना घातला, आणि दगडखाणींतील मजुरांच्या दुखण्यांतून ते त्यांच्या वेतनाच्या प्रश्नाकडे वळले. १९७२ मध्यें ते विधानसभेंत गेले. ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापड-गिरण्यांचा जो संप त्यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाला, त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. तो संप रीतसर मागें घेतल्याची घोषणा कधींच झाली नाहीं. तो झिजून गेला. १९८४ च्या निवडणुकींत सामंत लोकसभेवर निवडून आले. संपाच्या आरंभानंतर पंधरा वर्षांनीं, पवईच्या घरून घाटकोपरच्या कचेरीकडे मोटारीनें जात असतां, त्यांस वाटेंत गोळ्या घालून मारण्यांत आलें.

या खुनाची नोंद सामान्य पुस्तकांतून 'टोळीयुद्ध' या प्रकरणाखालीं होते. शब्दाचा अर्थ पाहावा. युद्धास दोन पक्ष लागतात, आणि टोळीयुद्धांत दोन्ही पक्ष टोळ्या असाव्या लागतात. सामंतांच्या संघटनेच्या पद्धतीवर कितीहि टीका करतां येईल. त्यांच्या संपांत मारामाऱ्या झाल्या, हेंहि त्यांचे प्रतिस्पर्धी सांगत आले. परंतु ते कोणत्या टोळीचे नायक नव्हते. मग युद्धाचा दुसरा पक्ष कोणता? शब्दानें येथें प्रश्नच मिटवून टाकिला आहे.

याहून योग्य शब्द लोकांच्या तोंडीं आहे, तो 'सुपारी'. कामगिरी पत्करल्याची खूण म्हणून विडा उचलण्याची जुनी रीत सर्वांस ठाऊक आहे. विजापूरच्या दरबारांत अफझलखानानें विडा उचलल्याची कथा बखरींत येते. सुपारी देणें हा प्रयोग त्याच आचारांतून आलेला दिसतो. विडा ठेवणारा एक व उचलणारा दुसरा असतो; देणाऱ्यावांचून घेणारा संभवत नाहीं. म्हणून 'सुपारी देऊन खून' असें एकदां म्हटलें कीं देणारा कोण, हा प्रश्न व्याकरणानेंच उभा राहतो. 'टोळीयुद्ध' म्हटलें कीं तो प्रश्न उद्भवत नाहीं. शब्दांच्या निवडीनें इतिहास कसा फिरतो याचें हें उत्तम उदाहरण आहे.

न्यायालयांत काय झालें? स्थानिक आरोपींवरील खटल्याचा निकाल २००० सालीं लागला. छोटा राजन या नांवानें प्रसिद्ध असलेल्या टोळीनायकावर कट रचल्याचा आरोप होता; मुंबईच्या विशेष न्यायालयानें पुराव्याअभावीं ता. २८ जुलै २०२३ रोजीं त्यास निर्दोष ठरविलें. म्हणजे खुनानंतर सव्वीस वर्षांनीं न्यायालयीन कागदांत सुपारी देणारा तर नाहींच, पण ती टोळीच्या वतीनें घेणारा म्हणून जो उभा केला होता तोहि उरला नाहीं. इतिहासकारानें येथें दोन मोह टाळिले पाहिजेत. जो निर्दोष सुटला त्यास दोषी म्हणण्याचा त्यास अधिकार नाहीं. परंतु पुरावा अपुरा पडला म्हणजे कट नव्हताच, असेंहि म्हणतां येत नाहीं. 'सिद्ध झालें नाहीं' हें वाक्य न्यायालयाच्या कामाचा शेवट असेल. इतिहासाच्या कामाची ती सुरुवात आहे.

६

हेतूचा कागद नसेल तर इतिहासकारानें काय करावें? परिस्थितीचा पुरावा जमवावा, परंतु त्याचें वजन बेताचें धरावें. मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतींत ही परिस्थिति बरीच स्पष्ट आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणें एका धंद्यांत एकाच संघटनेस प्रातिनिधिक म्हणून मालकांशीं बोलणीं करण्याचा अधिकार मिळे. गिरणी-धंद्यांत हा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. म्हणून संपाचा मोर्चा मालकांइतकाच त्या व्यवस्थेविरुद्धहि होता. संप मोडल्यावर कापडापेक्षां गिरण्यांखालील जमिनीस मोल आलें. १९९१ च्या विकास-नियंत्रण नियमावलींतील अठ्ठावन्नाव्या नियमानें ही जमीन विकावयास वाट झाली. तींतील वांटा पालिकेस, घरबांधणी मंडळास व मालकास असा विभागावयाचा होता. विक्रीस कामगारांची संमति मिळविणें हें तेव्हां मोठें किफायतशीर काम झालें. मे १९९४ मध्यें खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचाच महालक्ष्मी येथें गोळ्या घालून खून झाला. म्हणजे मालक व कामगार-पुढारी दोघेहि मारले गेले. यावरून इतकेंच अनुमान निघतें कीं, गिरण्यांच्या आवारांत भांडवल व श्रम यांच्या मध्यें शस्त्रधारी मध्यस्थ उभा राहिला होता व दोन्ही बाजूंस त्याचा धाक होता. सामंतांच्या खुनाचा हेतु यावरून सिद्ध होत नाहीं. परंतु तो कोणत्या रानांत घडला तें दिसतें.

संप फसल्यामुळें बेकार तरुण टोळ्यांत गेले आणि टोळ्या जन्मल्या, असें पुष्कळदां लिहिलें जातें. यांत सत्यांश आहे. पण कालानुक्रम येथेंहि चुकतो. गिरणगांवांतील 'दादा' ही संस्था १९८२ ची नव्हे. राजनारायण चंदावरकर यांनीं मुंबईच्या कामगारवर्गावर जें संशोधन केलें, त्यांत १९२० नंतरच्या काळांतील तालमी, जॉबर, सावकार व दादा यांचें जाळें विस्तारानें दाखविलें आहे. घोडपदेवच्या केशव बोरकरांसारखे दादा लाल बावट्याच्या विरोधांत उभे होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपांतून गिरणी कामगार युनियन उभी राहिली; त्याच वर्षाच्या अखेरीस तेल-कंपन्यांच्या संपांत पठाणांस संपवाल्यांच्या जागीं आणिलें गेलें; आणि फेब्रुवारी १९२९ मध्यें जी दंगल उसळली तींत शंभराहून अधिक माणसें मेलीं. मार्चमध्यें मिरतच्या कटाच्या आरोपाखालीं डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर प्रभृति पुढारी पकडले गेले. दंडुक्याचा व कायद्याचा असा दुहेरी दाब युनियनवर तिच्या जन्मापासूनच होता. घाटावरून, सातारा, पुणें व नगर या जिल्ह्यांतून, मुंबईस गेलेला कामगार या जाळ्यांत गांवच्या ओळखीनेंच शिरे. खोली, उधारी व नोकरी हीं तिन्ही त्यास तेथूनच मिळत. म्हणून दादाविरुद्ध जाणें म्हणजे केवळ मार खाण्याचा प्रश्न नव्हता. घर, पत व काम एकदम गमावण्याचा होता. हिंसा रोज करावी लागत नसे, तिची आठवण पुरे होई.

या दृष्टीनें पाहतां १९९७ ची घटना ही नव्या रोगाचें लक्षण नसून जुन्या संस्थेचें बदललेलें रूप आहे. दंडुक्याच्या जागीं पिस्तूल आलें, तालमीच्या जागीं दूरदेशीं बसलेला नायक आला, आणि जॉबरच्या दस्तुरीच्या जागीं जमिनीचा भाव आला.

७

कायद्याच्या व्याख्येचाहि येथें विचार केला पाहिजे. कारण पुष्कळ लेखक ती जशीच्या तशी इतिहासांत आणतात. महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याप्रमाणें संघटित गुन्ह्यास टोळी हवी, हिंसा वा धाक हवा, आर्थिक किंवा अन्य लाभाचा हेतु हवा, आणि मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रें न्यायालयानें विचारांत घेतलेलीं हवीं. न्यायदानाच्या सोयीसाठीं ही मोजणी ठीक आहे. परंतु इतिहासकारानें ती पत्करल्यास विचित्र परिणाम होतो. ज्या टोळीस पोलिसांनीं कधीं धरिलें नाहीं ती टोळीच नव्हे. ज्या दादावर तक्रार करण्याची कोणाची छाती झाली नाहीं तो संघटित गुन्हेगार नव्हे! आरोपपत्रांची संख्या ही गुन्ह्याचें माप नसून पोलिसांच्या इच्छेचें व शक्तीचें माप आहे.

सरहद्दीपलीकडचें उदाहरण बोधप्रद आहे. गौरी लंकेश यांच्या हत्येंत कर्नाटकाचा त्याच धर्तीचा कायदा लावण्यांत आला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका आरोपीवरील त्या कायद्याखालील आरोप पुन्हां कायम केला. म्हणजे धनलोभ हा जिचा मुख्य हेतु म्हणून सांगितला गेला नाहीं अशी हत्याहि 'संघटित गुन्हेगारी'च्या कक्षेंत आणिली गेली. यावरून 'टोळी पैशासाठीं मारते, पंथ मतासाठीं मारतो' हा जो सोपा भेद केला जातो तो कायद्यासहि तितका पक्का वाटत नाहीं, असें दिसतें. आमच्या मतें भेद करावयाचा तो हेतूच्या नांवावरून न करितां कृतीच्या रचनेवरून करावा: माणूस हेरणारे निराळे, शस्त्र आणणारे निराळे, गोळी झाडणारे निराळे, आणि या सर्वांस एकमेकांचें नांव ठाऊक असण्याची गरज नाहीं. ही श्रमविभागणी ज्या हत्येंत आढळते ती संघटित होय. मग तिच्यामागें जमिनीचा भाव असो वा मताचा द्वेष.

८

आतां उपसंहार. आमच्या टीकेचें तात्पर्य असें नाहीं कीं पानसरे कामगार-पुढारी होते म्हणून मारले गेले, किंवा सामंतांस अमक्या मालकानें मारविलें. तसें म्हणण्यास आधार नाहीं, आणि आधारावांचून लिहिणें हा ज्यांची आम्हीं चिकित्सा केली त्यांचाच दोष आम्हीं आपल्या अंगीं घेण्यासारखें होईल. तात्पर्य इतकेंच कीं, हेतूविषयींचें आपलें अज्ञान एका लोकप्रिय शब्दानें भरून काढूं नये.

शेवटीं कर्तव्याविषयीं. नगर व कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांत कामगार-संघटनांच्या कचेऱ्यांतून जुनीं दप्तरें पडून आहेत: सभासदांच्या वह्या, मागण्यांचे अर्ज, औद्योगिक न्यायालयांतील कैफियती, हस्तपत्रकें, धमकीच्या पत्रांच्या नकला, संरक्षण मागणारे अर्ज. साखर-कारखान्यांच्या व गिरण्यांच्या बाबतींतहि तेंच. त्यांस वाळवी लागत आहे व कचेऱ्या मोडतांना तीं रद्दींत जात आहेत. खून करविणारा मनुष्य आपला कागद ठेवीत नाहीं, हें वर सांगितलेंच. परंतु ज्याचा खून झाला तो ठेवून जातो. कोणत्या साली, कोणत्या कारखान्यांत, कोणत्या मागणीनंतर पहिली धमकी आली, हें त्याच्या दप्तरांतून कळूं शकतें. ज्या जिज्ञासूंस कोल्हार, राहुरी, श्रीरामपूर या बाजूस अशीं दप्तरें ठाऊक असतील, त्यांनीं तीं जेथें असतील तेथेंच त्यांची यादी करून ठेवावी, आणि हयात असलेल्या वृद्ध कामगारांच्या जबान्या तारीखवार लिहून घ्याव्या. त्या जबान्या कैफियती म्हणून घ्याव्या, महजर म्हणून नव्हे, पण घ्याव्या.

गोतसभेपुढें एखाद्या गांवचा तंटा तीन-तीन पिढ्या चाले, आणि नातवाच्या हातच्या एका जुन्या कागदानें तो मिटे. तो कागद आजोबांनीं जपून ठेविला होता म्हणून मिटे. या हत्यांचा तंटाहि तसाच लांबणारा दिसतो. आपल्या पिढीच्या हातून निवाडा न झाला तरी कागद हरवल्याचा दोष तरी आपल्यावर येऊं नये. इत्यलम्.